पाच नंबरचा वानोळा

सोमवारचा उपास होता, साबुदाणा भिजला होता आणि ऐन वेळी घरातले शेंगदाणे संपले होते. गोष्ट एवढीच. रुचिका स्टुलावर चढली, सासूबाईंचा माळ्यावरचा पत्र्याचा डबा तिने खाली घेतला आणि "अहो, आईंच्या शेंगा निघाल्यात बघा. कुटापुरते दाणे होतील का तेवढं बघा," असं म्हणत तो नवऱ्याच्या पुढ्यात ठेवला. केदारनाथ पेपर वाचत होता. पेपरावरची नजर न काढता त्याने डब्यात हात घातला, फडक्याची गाठ सोडली, एक शेंग उचलली आणि अंगठ्याने तिची चोच दाबली. टरफल फुटलं तेव्हाही त्याचं लक्ष राशीभविष्यातच होतं. मग बोटांना दाणे लागले, एक, दोन, तीन, आणि बोटं थांबली. त्याने दुसरी शेंग फोडली. तीन. तिसरी फोडली. तीन. कमरेत बारीक शेंग, पातळ टरफल, गडद गुलाबी दाणा. बीडच्या मोंढ्यात असली शेंग कुणाच्या बापाने पाहिली नव्हती. ह्या शेंगेला नाव नव्हतं, नुसता नंबर होता, पाच. आणि हा पाच नंबर चार वर्षांपूर्वी केदारनाथच्याच सहीने संपला होता.

फडक्याची गाठ ज्या चिंधीने बांधली होती ती चिंधी त्याच्या मांडीवर पडली होती. लाल काठाच्या जुन्या लुगड्याची, वीतभर. डब्याच्या तळाशी आईच्या जाड, वळणदार अक्षरातली चिठ्ठी होती. 'नेकनूरच्या ताराबाईचा वानोळा.' खाली तारीख. केदारनाथने तारीख दोनदा वाचली. रुचिका स्वयंपाकघरातून विचारत होती, "निघतात का चांगले?" आणि हा तिसऱ्यांदा तारीख वाचत होता, कारण त्याच तारखेला, दुपारी, ताराबाईच्या ओसरीत उभं राहून त्याने पाच नंबरच्या पोत्याचं वजन वहीत लिहिलं होतं. तेरा किलो चारशे. आणि लिहीत असताना ही शेंग, हीच, अंगणात उभ्या केलेल्या त्याच्या मोटारसायकलच्या हँडलला पिशवीत लटकत होती.

केदारनाथचं कामच ते होतं. भुईमुगाचे नवे सुधारित वाण संशोधन केंद्राच्या बागायती, लाडावलेल्या जमिनीत सगळेच चांगले येतात. ते एकरा-दोन एकरांच्या रानात, घरच्याच माणसांच्या हातून किती उतरतात ते बघायचं. गुंठ्या-गुंठ्याचे सात तुकडे आखायचे, सहांत नवे वाण, सातव्यात गावातलं रोजचं बियाणं. खुंट्या, सुतळी, टेप, स्प्रिंगचा ताणकाटा आणि वही, एवढा संसार घेऊन तो पंचवीस वर्षं बीड जिल्ह्यातल्या बांधांवरून हिंडला होता. त्याला स्वतःचा अभिमान होता, आणि तो उगाच नव्हता. दुसरे लोक ऑफिसात बसून आकडे जुळवायचे, हा नाही. ह्याच्या वहीतला आकडा म्हणजे काट्यावर पाहिलेला आकडा. 'केदारनाथचा काटा' असं केंद्रात म्हणायचे आणि तो वरवर हसण्यावारी न्यायचा, आतून मात्र पार फुलून जायचा. आता मांडीवर तीन-तीन दाण्यांची टरफलं घेऊन बसलेल्या ह्या माणसाला त्या कौतुकाची एवढी लाज वाटली, की त्याने पेपर उचलून तोंडापुढे धरला.

चूक कुठे झाली ते कळायला त्याला फार वेळ लागला नाही. खरं म्हणजे ती इतकी उघडी होती, की चार वर्षं दिसली नाही हेच नवल. शेंगा तोडल्या त्या दिवशीच, बांधावर, ओल्या असतानाच एकदा मोजायच्या आणि वाळल्यावर पुन्हा, असा नियम. त्या ऑक्टोबरात तो परळीला अडकला होता. वडील गेल्यानंतर भुसाराचं दुकान बंद पडलं होतं आणि दानम्मा, त्याची आई, रिकाम्या दुकानाच्या फळीवर बसून वैजनाथाला जाणाऱ्या माणसांकडे बघत दिवस काढत होती. तिला बीडला आणायचं तर दुकान आवरणं आलं. आठ दिवस गेले त्यात. तिथूनच त्याने ताराबाईला फोन केला होता. "शेंगा तोडा, सात पोती येगळी ठिवा, वाळवा. चिठ्ठ्यांची अदलाबदल होऊ देऊ नका. मी आलो की मोजू." तिने अगदी तसंच केलं. वाचता येत नव्हतं म्हणून चिठ्ठीच्या भरवशावर न राहता जुनी लुगडी फाडून प्रत्येक पोत्याला वेगळी चिंधी बांधली. पाच नंबरला लाल काठाची. तो गेला तेव्हा सात पोती ओसरीत अशी ओळीने उभी होती, की त्याने तिचं तोंड भरून कौतुक केलं होतं. "तुमच्यासारखं काम आमची शिकलेली माणसं करत न्हाईत, ताराबाई." ती पदर तोंडाला लावून हसली होती.

पण त्या आठ दिवसांत नवं पीक घरात आलं होतं. नवं पीक घरात आलं की ते आधी वाटायचं असतं. लेकीच्या सासरी, भावाकडे, शेजारी, आल्यागेल्याला, आणि ज्याच्यामुळे पीक आलं त्या साहेबाला. हा वानोळा, आणि वानोळा कुणी वाईट शेंगांचा देत नाही. सात पोत्यांतलं सगळ्यात गोड, सगळ्यात भरलेलं पोतं कुठलं, हे ताराबाईला काट्याशिवाय कळत होतं. तिने दर वेळी लाल चिंधी सोडली, ओंजळी-ओंजळीने काढलं आणि पुन्हा बांधली. उरलं ते साहेबाने मोजलं. बाकीची सहा पोती सोळा-सतरा किलो भरली होती. केदारनाथने पेपराआड डोळे मिटून हिशेब केला. लेकीला चार, भावाला एक-दोन, शेजारच्या दोघी-तिघींना मिळून दीड-दोन, त्याच्या हँडलला दोन-सव्वादोन. बावीसच्या खाली नव्हतं ते पोतं. सगळ्यांत वरचढ. आणि सप्टेंबरात, पीक उभं असताना, दहा झाडं उपटून त्याने स्वतः शेंगा मोजल्या होत्या, झाडाला चाळीस-चाळीस. तो आकडा त्याच वहीत चार पानं अलीकडे होता. त्याने पान उलटून पाहिलं नव्हतं. काट्यावर पाहिलेलंच खरं मानणारा माणूस, त्याने ताराबाईच्या तोंडाकडेही पाहिलं नव्हतं. तिने विचारलं होतं, आता त्याला तो आवाज अगदी कानाशी ऐकू आला, "एवढंच भरलं व्हय ओ?" आणि हा म्हणाला होता, "काटा खोटं बोलत न्हाई, ताराबाई."

"चांगले नसतील तर राहू द्या. मी खाली जाऊन आणते," रुचिका दारात येऊन म्हणाली. मग त्याच्या तोंडाकडे बघून, "काय झालं हो? आईंची आठवण आली का?" त्याने मान डोलावली. ते खोटंही नव्हतं. दानम्मा जाऊन आठ महिने झाले होते. बीडच्या फ्लॅटमध्ये आल्यावर तिला काही म्हणजे काही आवडेना. पाणी जड, दळण जाड, शेजारणी दार लावून बसणाऱ्या. पहिल्या आठवड्यात ती एकदाच मनापासून हसली, ती ह्याने पिशवी आणून ओट्यावर टाकली तेव्हा. "कोण रे ही बाई? मला न बघता मला एवढं धाडती?" तिने त्या संध्याकाळी मीठ घालून शेंगा उकडल्या. केदारनाथ तिच्याशेजारी बसून अहवाल लिहीत होता, एका हाताने शेंगा खात होता, आणि आई टरफलं उघडून उघडून दाखवत होती. "बघ रे केदार, तीन तीन दाणे. आपल्या दुकानात एवढ्या वर्षांत असला माल आला न्हाई." तो "हं" म्हणाला होता. अहवालात तो त्या क्षणी बहुतेक पाच नंबरच्याच रकान्यात होता. तेरा किलो चारशे लिहिताना त्याच्या तोंडात त्याच पोत्यातले तीन दाणे होते, ह्यापेक्षा अधिक काय सांगायचं.

आणि आईने त्यातल्या दोन मुठी बाजूला काढून ठेवल्या, कारण ती भुसारवाल्याची बायको होती. चांगला माल आला की मूठभर नमुना चिठ्ठीसकट डब्यात ठेवायचा. पुढे कधी वाद निघाला तर 'बघा, माल असा होता' म्हणून दाखवायला. परळीच्या दुकानात असे तीस-चाळीस डबे होते. आवरताना त्याने ते सगळे रिकामे केले होते. बीडला येऊन तिने एकच नवा डबा लावला. तो कुणी कधी उघडायला सांगितला नाही.

साबुदाण्याची खिचडी त्याने खाल्ली की नाही हे त्याला नंतर आठवेना. ऑफिसला न जाता दुपारी त्याने शेंगा फोडल्या, किडके-मोडके बाजूला काढले, त्रेचाळीस दाणे निघाले. भुईमुगाचं बी टरफलात ठेवलं तरी फार तर दोन पेरण्या टिकतं, हे तो शेतकऱ्यांना पंचवीस वर्षं सांगत आला होता. तरी त्याने गोणपाटाचा तुकडा धुतला, पिळला, दाणे बोटभर अंतराने ओळीत मांडले, गुंडाळी केली आणि न्हाणीघराच्या कोपऱ्यात, जिथे जरा गारवा असतो तिथे, उभी ठेवली. रोज सकाळी उठला की तोंडही न धुता तो गुंडाळी उलगडायचा. पहिले दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी दाणे फुगले. ते तर फुगतातच, मेलेलं बीसुद्धा पाणी पितं, हे त्याला ठाऊक होतं, पण ठाऊक असून माणूस शहाणा होतो असं थोडंच आहे? चौथ्या दिवशी एका दाण्याचं टोक फाटलं आणि आतून पांढरं काही डोकावलं. केदारनाथने रुचिकाला हाक मारली. ती पीठ लागलेल्या हाताने आली, वाकून बघितलं, त्याच्या खांद्यावर कोपर टेकवून म्हणाली, "आला की कोंब." त्या दिवशी तो ऑफिसात सगळ्यांशी गोड बोलला. एका बीला चाळीस शेंगा, चाळिसांचे एकशे वीस दाणे, पुढच्या साली एकशे वीस झाडं. त्याने निवृत्तीपर्यंतचा सगळा हिशेब मांडून टाकला. पाचव्या दिवशी त्या पांढऱ्याला काळी बुरशी आली होती. बोट लावलं तर दाणा चिखलासारखा दबला. सहाव्या, सातव्या दिवशी सगळ्या गुंडाळीला आंबूस वास सुटला. रुचिका म्हणाली, "टाकू का?" तो म्हणाला, "राहू दे अजून एक दिवस." असं करत त्याने अकरा दिवस काढले.

मधल्या काळात त्याने अमरसिंहांना फोन केला. हा वाण त्यांनीच केंद्रात आठ-नऊ वर्षं खपून तयार केला होता. आता निवृत्त होऊन ते नातवंडांत रमले होते. "पाच नंबर? अरे हो, तीन दाण्यांचा. देखणा होता," ते म्हणाले. "पण तुझ्याच आकड्यांनी गेला ना तो? तीन रानं होती. एका ठिकाणी डुकरं शिरली, ते बाद. दुसऱ्या ठिकाणी पहिला आला आणि तुझ्या नेकनूरच्या बाईकडे शेवटचा. एका रानात पहिला, एकात शेवटचा, असला लहरी वाण कुणाच्या गळ्यात घालायचा?" केदारनाथने विचारलं, केंद्राच्या शीतगृहात मूठभर तरी बी असेल का. अमरसिंह हसले. "वगळलेल्याला जागा कोण देतं बाबा? मी सुटायच्या आधी मीच याद्या करून सगळं मोडीत काढलं. का रे? आता काय त्याचं?" केदारनाथ म्हणाला, "काही नाही, सहज." आणखी कुठे बी असेल, हे त्याने विचारलं नाही.

कारण बी आणखी एका ठिकाणी होतं, आणि तेही त्यानेच काढून आणलं होतं. हे मात्र त्याला डबा उघडल्या क्षणापासून आठवत होतं आणि तो त्याला हात लावत नव्हता. त्या ऑक्टोबरानंतरच्या मे महिन्यात तो निकाल सांगायला ताराबाईकडे गेला होता. तिने पुढच्या पेरणीसाठी पाच नंबरचं पायलीभर बी मडक्यात भरून, राखेचा थर देऊन, तोंड लिंपून ठेवलं होतं. वगळलेल्या वाणाचं बी गावात राहू द्यायचं नाही, असा नियम. हा नियमाचा माणूस. "पाच नंबर गेला, ताराबाई. तुमच्याच रानात कमी भरला." असंच म्हणाला होता तो, तुमच्याच रानात. ताराबाईचा नवरा सटवा शेरडांना पाला टाकत होता. त्याने पाठमोऱ्यानेच म्हटलं, "हिच्या हाताला येश न्हाई साहेब. हिनं लावलेलं काय बी बघा." आणि केदारनाथ हसला होता. वाद नको म्हणून, विनोद म्हणून, दुपार फार तापली होती म्हणून. पण हसला होता. ताराबाईने मडकं उचलून आणलं, लिंपण फोडलं आणि सगळं बी त्याच्या पिशवीत ओतलं. मडक्याच्या बुडाला चिकटलेले चार दाणेसुद्धा नखाने काढून दिले, आणि ती पिशवी त्याने केंद्रात मोडीत जमा केली. त्यानंतर तिने भुईमूग लावला नाही, हे त्याला गावातल्या दुसऱ्या कुणाकडून तरी कळलं होतं आणि त्याने 'असं का' एवढंच म्हटलं होतं.

बाराव्या दिवशी गोणपाट कचऱ्यात टाकून तो नेकनूरच्या एसटीत बसला. मोटारसायकलवर जावंसं वाटेना. उन्हाने गाडीचा पत्रा पोळत होता. शेजारची म्हातारी कपिलधारच्या फाट्याला हात जोडून पुन्हा झोपी गेली, आणि हा मनातल्या मनात वाक्यं लावत होता. ताराबाई, चूक तुमच्या रानाची नव्हती. तुमच्या हाताचीही नव्हती. तुम्ही चांगल्या पोत्यातलं वाटलंत म्हणून ते कमी भरलं. वाक्य सोपं होतं आणि खरं होतं. तिला सांगितलंच पाहिजे, म्हणजे तिच्या डोक्यावरचं ओझं तरी उतरेल. बी नाही, निदान खरं तरी नेऊ. हे त्याचं स्वतःशी इतकं ठरलं होतं, की स्टँडवर उतरून वस्तीच्या वाटेला लागला तेव्हा त्याला चक्क हलकं वाटत होतं.

ताराबाई ओसरीत वाकळ शिवत होती. डोळ्यांना आता चष्मा होता, दांडीला दोरा बांधलेला. तिने त्याला आधी ओळखलं नाही, मग एकदम उठली. "आगं बया, साहेब! पायी आलाव व्हय? गाडी कुठं गेली?" पाणी आणलं, पोतं अंथरलं. "लई वाळलाव. घरचे बरे हायत ना? म्हातारी बरी हाय का?" आई गेल्याचं त्याने सांगितलं. ताराबाई त्याच्यासमोर खाली बसली. मग म्हणाली, "म्या बघितली न्हाई कंदी. पण वानोळा आवडला व्हता त्यास्नी, तुमीच सांगितलतं." त्याला ते सांगितल्याचं आठवत नव्हतं. त्याने पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि लावून आणलेलं पहिलं वाक्य उच्चारलं. "त्या पाच नंबरबद्दलच बोलायला आलतो, ताराबाई."

"पाच नंबर," ती म्हणाली, आणि तिचं तोंड उजळलं. केदारनाथला त्याची अजिबात कल्पना नव्हती. "आता काय सांगू तुमाला. माप कमी भरलं, माझ्या हातानं तुमचा वाण बुडाला, ते खरं. त्याची लाज मला हायच. पण त्या सालचा वानोळा, साहेब! आमची बबिता नवी नवी सासरी गेलती तवा. तिची सासू उठता बसता बोलायची, तुझ्या माहेराहून काय येतंय, बोरं न् बाभळी. म्या त्या शेंगा धाडल्या, चांगली पाटीभर. समद्या भावकीत वाटल्या तिनं. आन् सासू म्हणली, एवढ्या चांगल्या शेंगा पिकवणाऱ्या घरची पोर हाय ही. तवापासून तिला नीट वागवत्यात बघा. अजून नाव काढत्यात. माझ्या जल्मात म्या एवढं एकच चांगलं काम केलं आसंल." ती हसत होती आणि चष्म्याखालून डोळे पुसत होती.

केदारनाथने एसटीत लावलेली वाक्यं मनात पुन्हा चाळली. खरं सांगायचं म्हणजे हिला काय सांगायचं? की बाई, तुझ्या जन्मातलं जे एक चांगलं काम, त्यानेच तो वाण बुडाला? तू ओंजळीने काढत गेलीस आणि मी उरलेलं मोजत गेलो? हे ऐकून तिची लाज जाणार नव्हती. फक्त तिचा आनंद जाणार होता. खरं ते खरं, असं म्हणत जगलेला हा माणूस त्या ओसरीत, पोत्यावर मांडी घालून, पहिल्यांदा खोटं शोधू लागला, आणि ते त्याच्या हाताशीच होतं. "ताराबाई," तो म्हणाला, "काटा चुकीचा होता. माझा काटा. स्प्रिंग बिघडली होती त्याची, मला आत्ता कळलं. तुमचा पाच नंबर सगळ्यांत जास्त भरला होता. तुमच्या रानात. तुमच्या हातचा."

बोलून झाल्यावर त्याला वाटलं, ह्यात खोटं असं फार नाहीच.

ताराबाईने चष्मा सारखा केला. मग गोठ्याकडे तोंड करून तिने अशी हाक मारली, की शेरडं उठून उभी राहिली. "आवो! इकडं या! साहेब काय म्हणत्यात ऐका!" सटवा काठी टेकत आला. कान मंद झाले होते, पाठ वाकली होती. "त्यास्नी सांगा," ती केदारनाथला म्हणाली. "तुमच्या तोंडानं सांगा." केदारनाथने मोठ्याने, एक एक शब्द सुटा करून, तेच पुन्हा सांगितलं. सटवाने ऐकलं. काठी भिंतीला टेकवली. बायकोकडे त्याने पाहिलंच नाही. अंगणातल्या रिकाम्या दावणीकडे वळला. मग घसा साफ करून म्हणाला, "मंग बी आणा साहेब. औंदा लावू द्या तिला. इहिरीजवळचा तुकडा देतो म्या. चांगला हाय त्यो."

तीस-पस्तीस वर्षांच्या संसारात त्या माणसाने बायकोची माफी मागितली असेल तर ती एवढीच, आणि ती केदारनाथच्या हातात येऊन पडली होती. "आठ-पंधरा दिसांत पेरण्या व्हतील," ताराबाई म्हणाली. "मूठभर आणा, जादा नगं. म्या वाढवीन."

"न्हाई राहिलं," केदारनाथ म्हणाला.

"आं?" सटवाने कान पुढे केला.

"बी न्हाई राहिलं. कुठंच. मी सगळीकडं बघितलं." मग त्याच्याने राहवेना. "माझ्या आईनं थोडं ठेवलं होतं. ते घातलं भिजत. एक पण उगवलं न्हाई."

"एवढं मोठं हापिस तुमचं," ताराबाई म्हणाली, "आन् मूठभर बी न्हाई?" त्यात राग नव्हता, नुसतं नवल होतं. मग तिला काहीतरी आठवलं, कारण तिची नजर चुलीच्या अंगाला, मडक्यांच्या उतरंडीकडे गेली. केदारनाथची पण गेली. "माझ्यापशी व्हतं की," ती हळूच म्हणाली. "तुमी मागितलं, आन् म्या दिलं." सटवाने दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने पाहिलं, काठी उचलली आणि "बरं, बरं" असं पुटपुटत तो शेरडांकडे गेला. जाताना त्याने विहिरीच्या दिशेने एकदा बघितलं.

थोड्या वेळाने केदारनाथ उठला तेव्हा ताराबाई म्हणाली, "थांबा वाईच." आत गेली आणि सुपात हरभरे घेऊन आली, ह्या सालचे, गावरान. दारात उजेडाला बसून चष्मा नाकावर सारून ती निवडू लागली. बारीक, सुरकुतलेले दाणे बोटाने मागे सारायची, टपोरे पुढे ओढायची. खडा दिसला की अंगणात भिरकवायची. एवढ्या ऐकण्यानंतरही तिचा हात कुठे चुकत नव्हता. केदारनाथ त्या हाताकडे बघत उभा राहिला. हाच हात, हीच सवय, असाच त्या पोत्याशी बसला असेल, लाल चिंधी सोडून.

"निवडू नका, ताराबाई," तो म्हणाला. "सरसकट घाला."

ती हसली. "आसं कसं साहेब? वानोळा हाय. खराब कसं देऊ?"

तिने टपोरे दाणे पिशवीत भरले, तोंड चिंधीने बांधलं आणि पिशवी त्याच्या हातात दिली. हातात येताच वजन कळलं, दोन किलो, वर पाव. इतक्या वर्षांची खोड, जाते कुठे. नेकनूरच्या स्टँडवर तो ती मांडीवर घेऊन बसला. बीडची गाडी आली, भरली, निघून गेली. गाडी गेली तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की आपण रडतो आहोत, आणि मघापासून रडतो आहोत, आणि समोरचा चहावाला मुद्दाम दुसरीकडे बघतो आहे. त्याने पिशवीवरची चिंधी चाचपली. घरी गेल्यावर रुचिका हे हरभरे भिजत घालील, उसळ चांगली होईल. त्यातली एक मूठ चिठ्ठी लिहून बाजूला ठेवणारं मात्र त्याच्या घरात आता कुणी नव्हतं.